यकृताची पैसेवारी

(स्मृती व्याख्यानमालेत लंडन येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवायचे. रविवारच्या मराठी शाळेतही त्यांनी गणित सोडलं नाही. उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिलेली नसेल तर ते गुण देत नसत, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना स्वानुभवाने ठाऊक आहे. आज मी आकड्यांवरच, यकृत प्रत्यारोपण झालेल्यांच्या रक्तातल्या आकड्यांवर, बोलणार आहे. त्यामुळे गुरुजींची धास्ती मला आजही आहे.

मी सर्जन नाही. माझी नोकरी उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली. आमच्याकडे माणूस येत नाही, ट्यूब येते. जांभळ्या टोपणाची रक्तपेशी मोजायला, पिवळ्या टोपणाची रसायनं मोजायला, निळ्या टोपणाची रक्त गोठतं कसं ते पाहायला. ट्यूबवर नाव, जन्मतारीख आणि रुग्ण क्रमांक असतो. रात्री तीन वाजता वॉर्डातून हवेच्या दाबाच्या नळीतून सुसाटत डबा येऊन आदळला, आत गडद पिवळं सिरम दिसलं, की आम्ही एकमेकांकडे बघायचो. कुणाला तरी यकृत मिळालंय. मग दर काही तासांनी त्याच क्रमांकाच्या ट्यूब येत राहायच्या. चेहरा कधी दिसला नाही, पण तो माणूस सुधारतोय की घसरतोय हे आम्हाला कळायचं. म्हणजे कळतंय असं वाटायचं. या दोन वाक्यांमधलं अंतर हाच आजचा विषय.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असतो : घरी कधी सोडणार? रक्ताच्या चाचण्यांवरून याचं उत्तर देता येतं का?

आधी हे लक्षात घेऊ, की हा प्रश्न पडणं हीच अलीकडची चैन आहे. थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत डेन्व्हरला १९६३ साली माणसावर पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. या देशात २ मे १९६८ रोजी केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात रॉय काल्न यांनी पहिलं प्रत्यारोपण केलं. पुढे काल्न यांचं केंब्रिज आणि रॉजर विल्यम्स यांचं लंडनचं किंग्ज कॉलेज रुग्णालय यांनी हा कार्यक्रम जोडीने चालवला. पहिल्या दशकात बहुतेक रुग्ण वर्षही पाहू शकले नाहीत. परकं यकृत शरीर नाकारायचं, किंवा नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी जंतुसंसर्ग व्हायचा. १९७८ च्या सुमारास काल्न यांनी सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आणलं आणि चित्र पालटू लागलं. आज या देशात प्रौढांसाठी सात केंद्रं आहेत : लंडनमध्ये दोन, शिवाय केंब्रिज, बर्मिंगहॅम, लीड्स, न्यूकॅसल आणि एडिंबरा. ठरवून केलेल्या प्रत्यारोपणानंतर शंभरातले नव्वदहून अधिक जण वर्षानंतर हयात असतात. जगेल का, हा प्रश्न मागे सरला तेव्हा कुठे घरी कधी, हा पुढे आला.

आता यकृताकडे वळू. आपल्याकडे घरोघरी एकच चाचणी माहीत असते. ‘एसजीपीटी किती आलं?’ १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हे एन्झाइम आणि त्याचं जोडीदार रक्तात मोजायला सुरुवात केली. इथे त्यांना अनुक्रमे एएलटी आणि एएसटी म्हणतात. ही एन्झाइम्स असतात यकृताच्या पेशींच्या आत. रक्तात ती वाढली याचा अर्थ पेशी फुटल्या. तेव्हा यकृत किती काम करतंय हे एसजीपीटी सांगत नाही, किती मोडतोड झाली ते सांगतं. घरावरून वादळ गेल्यावर अंगणात किती कौलं पडली ते मोजावं, तसं. कौलं मोजून घरात चूल पेटली की नाही ते कळत नाही.

प्रत्यारोपणात हे वादळ ठरलेलंच असतं. यकृत बर्फात ठेवून आणतात, रक्त नसताना पेशी उपाशी असतात, आणि पुन्हा रक्त सोडलं की त्या क्षणीच बऱ्याच पेशी दगावतात. म्हणून पहिल्या दिवशी एएसटीचा आकडा हजारात जातो. मग तो उतरतो आणि उतरण्याचीही ठरलेली चाल असते. एएसटी रक्तातून निम्मं व्हायला साधारण सतरा तास लागतात, एएलटीला जवळजवळ दोन दिवस. एएसटी झपाट्याने खाली आणि एएलटी रेंगाळत मागे, असं दिसलं तर समजावं की पडायची ती कौलं पडून गेली. एएसटी उतरता उतरता पुन्हा चढलं, तर कुणीतरी छपरावर आहे.

चूल पेटली का, हे बघायचं तर यकृताचा माल बघावा. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतच बनवतं. त्यातलं सातव्या क्रमांकाचं प्रथिन चार ते सहा तासांत निम्मं होतं. म्हणजे कारखाना बंद पडला तर दुकानातला माल दिवसभरात संपतो. निळ्या टोपणाच्या ट्यूबवरून काढलेला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा आकडा, म्हणूनच मोलाचा. उलट अल्ब्युमिन निम्मं व्हायला जवळजवळ वीस दिवस लागतात. त्याच्याकडे बघून आजची बातमी कळत नाही, गेल्या महिन्याची कळते.

त्याहून घाईची बातमी लॅक्टेट देतं. शरीरातल्या पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या लॅक्टेट तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यकृत रक्तातून काढून टाकतं. ऑपरेशनमध्ये जुनं यकृत काढलं आणि नवं अजून जोडायचंय, त्या मधल्या वेळात लॅक्टेट चढत जातं. रक्तप्रवाह सुरू केल्यावर तासातासाने ते उतरू लागलं, तर टाके घालणाऱ्यांच्या खांद्यावरचा ताणही उतरतो.

शेवटी बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळेपणा. याचा काही भाग अल्ब्युमिनला कायमचा चिकटून बसतो आणि अल्ब्युमिन जाईल तेव्हाच जातो. म्हणून नवं यकृत उत्तम चाललेलं असतानाही डोळे पिवळे राहतात. घरचे डोळ्यांकडे बघून झुरतात, कारण आपल्याला पिवळा रंग तेवढा दिसतो. पण बरं होण्याच्या या मिरवणुकीत तो सगळ्यात शेवटी चालतो.

बिलिरुबिनवरून एक गोष्ट सांगतो. आपल्यातल्याच एका घरात प्रत्यारोपण झालं. मुलीने रिपोर्टचा फोटो काढून पुण्याला काकांना पाठवला. काका डॉक्टर. बिलिरुबिन १७१ वाचून काकांना घाम फुटला. त्यांनी इकडे फोन केला, ‘अगं, हे शक्यच नाही!’ आकडा खरा होता, फक्त माप वेगळं होतं. भारतात मिलिग्रॅममध्ये मोजतात, इथे मायक्रोमोलमध्ये. डेसिलिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे लिटरला १७.१ मायक्रोमोल. काकांच्या हिशेबात ते दहा होते. किडनीचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनचंही तेच, तिथला एक म्हणजे इथले ८८. तेव्हा मंडळी, आकडा पाठवताना माप पाठवा. गुरुजींनी एककाशिवाय उत्तर कधी मान्य केलं नसतं.

आता या सगळ्या आकड्यांतून दिवस काढता येतात का?

माझं गाव मराठवाड्यातलं. आमच्याकडे दरसाल पैसेवारी लागते. पूर्वी आणेवारी म्हणायचे, जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. खरिपाचं पीक यंदा किती येईल याचा तो सरकारी अंदाज. तो तीनदा काढतात : सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि कापणीचे प्रयोग झाल्यावर डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाची धग मान्य होते, वर गेली तर नाही. पैसेवारी गावाची असते. गावाची पंचावन्न लागली आणि माझ्या चुलत्याच्या रानात गुडघाभर कापूसही नव्हता, असं साल मी पाहिलंय.

यकृताच्या रुग्णाचीही अशीच तीनदा पैसेवारी काढतात.

नजरअंदाज ऑपरेशनच्या आधीचा. या देशात प्रतीक्षा यादीत नाव लागायला यूकेईएलडी नावाचा गुण बघतात. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम या चार रक्तचाचण्यांचं ते गणित आहे. साधारणपणे ४९ किंवा जास्त गुण असले तर नाव घेतात, कारण तेवढे गुण असलेल्यांत प्रत्यारोपणाशिवाय वर्षभरात दगावण्याचं प्रमाण शंभरात नऊच्या वर जातं. इथे आमच्या प्रयोगशाळेची एक कबुली देतो. सिरम फार पिवळं असेल तर क्रिएटिनिन मोजण्याच्या जुन्या पद्धतीत आकडा खोटा कमी येतो. शिवाय क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. आजारपणाने दंड वाळलेल्या माणसाची किडनी बिघडली तरी आकडा सभ्य दिसतो. बायकांच्या अंगात स्नायू मुळात कमी, त्यामुळे त्यांचं दुखणं या आकड्यात आणखी दडतं. चार आकडे निरोगी दिसणारे आणि माणूस मात्र खुर्चीतून उठू शकत नाही, हे घडतं. आणि घरी लवकर जाणं बऱ्याच अंशी त्या उठण्यावरच असतं.

सुधारित अंदाज पहिल्या आठवड्यातला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या काही केंद्रांनी मिळून एक व्याख्या मांडली, ती आता जगभर चालते. सातव्या दिवशी बिलिरुबिन दहा मिलिग्रॅम किंवा जास्त, म्हणजे काकांना घाम फोडणारे ते १७१. किंवा सातव्या दिवशी आयएनआर १.६ किंवा जास्त. किंवा त्या सात दिवसांत एएसटी अथवा एएलटी कधीही दोन हजारांवर. यातलं एक जरी असलं तरी नवं यकृत सुरुवातीलाच अडखळतंय असं म्हणतात. अशा रुग्णांत यकृत निकामी होणं आणि मृत्यू यांचं प्रमाण जास्त आढळलं. पण या व्याख्येत बसलेले कितीतरी जण पुढे ठणठणीत होतात. नंतर हो-नाहीऐवजी चढउतार मोजणारे गुणांक आले. पहिल्या तीन दिवसांचे, सात दिवसांचे. ते अधिक चांगले आहेत, कारण ते एका क्षणाचा फोटो काढत नाहीत, चाल बघतात.

अंतिम पैसेवारी अशी, की तिच्यावर हुकूम निघतो. या देशात प्रत्यारोपणानंतर सात दिवसांच्या आत नवं यकृत बंद पडलं, तर रुग्ण अतितातडीच्या यादीत जातो आणि देशभरात त्याचा नंबर पहिल्यांत लागतो. त्यासाठी चारपैकी किमान दोन खुणा लागतात : एएसटी दहा हजारांवर, आयएनआर तीनच्या वर, धमनीतलं लॅक्टेट तीनच्या वर, आणि पित्त अजिबात न येणं. इथे प्रयोगशाळेतून गेलेला आकडा कुणाचा तरी दुसरा जन्म ठरवतो. त्या रात्री सॅम्पल पुन्हा चालवून बघताना हात थरथरतो, हे मी कुणाला सांगायचो नाही. आज सांगतो.

असा हुकूम काढायची परंपरा याच शहरातली. १९७३ साली किंग्जच्याच डॉक्टरांनी सिरॉसिसच्या रुग्णांसाठी पाच खुणांची गुणपद्धत सुधारून मांडली. चाइल्ड-पू या नावाने ती आज छत्रपती संभाजीनगरपासून एडिंबरापर्यंत वापरली जाते. १९८९ मध्ये त्याच रुग्णालयाने ५८८ रुग्णांच्या नोंदी तपासून यकृत अचानक निकामी झालेल्यांसाठी निकष बसवले. पॅरासिटामॉल जास्त प्रमाणात घेणं हे या देशातलं त्याचं मोठं कारण. त्या रुग्णांसाठीच्या खुणा अशा : द्रव दिल्यावरही रक्ताची आम्लता ठरावीक पातळीबाहेर, म्हणजे पीएच ७.३ च्या खाली. किंवा रक्त गोठायला फार वेळ, क्रिएटिनिन ३०० मायक्रोमोलच्या वर आणि शुद्ध हरपत जाणं, हे तिन्ही एकत्र. पुढे २००२ मध्ये त्याच रुग्णालयातून लॅक्टेटची भर पडली. त्याआधी १९९८ मध्ये सरकारने पॅरासिटामॉलच्या पाकिटांचा आकारच कमी केला होता हेही सांगायला हवं : औषधाच्या दुकानात ३२, किराण्याच्या दुकानात १६. रक्तातल्या खुणा शोधण्याइतकंच शहाणपण ते रक्त बिघडूच नये हे बघण्यात होतं.

आता दोन प्रयोग सांगतो. दोन्ही पैसेवारीची मर्यादा दाखवणारे.

ऑक्सफर्डमध्ये एक यंत्र तयार झालं. यकृत बर्फात ठेवण्याऐवजी अंगाच्या उबेत, रक्त खेळवत ठेवायचं. २०१३ मध्ये लंडनला किंग्जमध्ये ते पहिल्यांदा रुग्णासाठी वापरलं. मग २२० प्रत्यारोपणांची मोठी चाचणी झाली, ती २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये छापली गेली. यंत्रावरच्या यकृतांत एन्झाइमवरून मोजलेली इजा निम्म्याने घटली. टाकून द्यावी लागणारी यकृतंही निम्म्याने कमी झाली. फार मोठं यश. पण रुग्ण जगण्याच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. कौलं निम्मीच पडली, पण घरं दोन्हीकडची तेवढीच उभी राहिली. कौलं मोजणं सोपं असतं म्हणून आपण कौलं मोजतो. मोजलं ते सुधारलं म्हणजे माणूस तितकाच सुधारला, असं धरून चालता येत नाही.

दुसरा प्रयोग बर्मिंगहॅमचा, २०२० मध्ये छापलेला. देशातल्या सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृतं त्यांनी यंत्रावर चढवली आणि चार तासांत लॅक्टेट २.५ पर्यंत उतरतं का ते इतर खुणांबरोबर बघितलं. २२ यकृतं उत्तीर्ण झाली आणि रुग्णांना बसवली. तीन महिन्यांनी बावीसच्या बावीस रुग्ण हयात होते. कचऱ्यात जाणारी बावीस यकृतं! मात्र पुढे चौघांच्या पित्तनलिका आकसल्या आणि त्यांना पुन्हा प्रत्यारोपण लागलं. लॅक्टेटने यकृताच्या पेशींची साक्ष खरी दिली. पित्तनलिकांबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

मग घरी कधी? नवीन यकृत मिळालेला माणूस साधारण दोन आठवड्यांत रुग्णालयातून सुटतो, पुरता सावरायला वर्षही लागतं. आकडे चांगले असले तर त्या दोन आठवड्यांचा अंदाज बरा जमतो. आकडे वाईट असले तर लांबणार हे कळतं, किती लांबणार ते कळत नाही. आणि वर्षाचा अंदाज मला एकाही ट्यूबमध्ये कधी सापडला नाही. तो असतो मांडीच्या स्नायूंत, घराच्या जिन्यात, औषधं वेळेवर देणाऱ्या माणसात. रुग्णाच्या खोलीपर्यंत जायला तेरा पायऱ्या आहेत आणि त्याला चारच चढता येतात, हे फिजिओथेरपिस्टला माहीत असतं, मला नसतं. शिवाय आम्ही आकडे कळवतो तेव्हा वॉर्डात काय दिलं तेही बघावं लागतं. प्लाझ्मा चढवला की आयएनआर सुधारलेला दिसतो. तो सुधारलेला आयएनआर रुग्णाचा नसतो, रक्तपेढीचा असतो.

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत असा कुणी काढू नये. पैसेवारी नसती तर गावाला मदत कशी वाटली असती? अंदाजाचं काम तयारीचं. कुणाला अतिदक्षता विभागात आणखी दोन दिवस ठेवायचं, कुणाचं स्कॅन आज रात्रीच करायचं, कुणाला सावध नजर लागेल, हे आकड्यांनी ठरवावं. चुलत्याच्या रानाचा निकाल मात्र चुलत्याच्या रानात जाऊनच द्यावा.

अंदाजाचा हुकूम होतो तेव्हा आणखी एक जबाबदारी येते. २०१८ पासून या देशात मेंदूमृत दात्याचं यकृत कुणाला द्यायचं हे एक गुणांक ठरवतो. रुग्णाच्या २१ आणि दात्याच्या ७ गोष्टी त्यात जातात. प्रत्यारोपणाने पुढच्या पाच वर्षांत आयुष्य किती वाढेल, ते त्यातून निघतं. हेतू न्यायाचा होता. पण पाच वर्षांचीच खिडकी ठेवली की चाळीस वर्षं पुढे असलेल्या तरुणाचा फायदाही तेवढाच दिसतो. तरुण रुग्ण यात मागे पडतात, अशी टीका २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आणि वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे झाली. सूत्र जाहीर होतं म्हणून ती टीका करता आली. रीत लिहिलेली होती, म्हणून चूक दाखवता आली. गुरुजींचा नियम इथे जीव वाचवण्याच्या कामी येतो. यंत्राने आकडा दिला तर यंत्रालाही रीत विचारा.

समारोप करतो. तुमच्या घरचा रिपोर्ट हातात येईल तेव्हा ‘किती आलं?’ असं विचारू नका. कालच्यापेक्षा कसं आहे, माप कोणतं आहे आणि मध्ये काय चढवलं होतं, हे विचारा. एका आकड्याला बातमी समजू नका. तीन दिवसांचे आकडे ओळीने मांडले की बातमी होते.

आणि एक विनंती. माझ्या बाकावर रात्री तीन वाजता आलेल्या प्रत्येक ट्यूबच्या आधी, दुसऱ्या कुठल्यातरी रुग्णालयात, दुसऱ्या एका माणसाचं रक्त तपासलं गेलेलं होतं. त्याच्या घरच्यांनी, आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्री, हो म्हटलं होतं. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून कायदा असा आहे की नकार नोंदवला नसेल तर प्रौढ माणसाची अवयवदानाला संमती धरली जाते. तरीही डॉक्टर घरच्यांना विचारतातच, आणि आपल्या दक्षिण आशियाई कुटुंबांतून होकार कमी येतो. त्यामागचं एक कारण : गेलेल्या माणसाने याबद्दल घरात कधी तोंडच उघडलेलं नसतं. तेव्हा नोंदणी तर कराच. पण आज घरी गेल्यावर, जेवायला बसाल तेव्हा, तुमची इच्छा तुमच्या माणसांना मराठीत स्पष्ट सांगा.